शेतराखणीची बंदूक : अस्सल की नक्कल?



या सदरात आपण कोयत्यापासून फवारणीच्या पंपापर्यंत अनेक अवजारांची पारख केली. आज एका निराळ्या अवजाराकडे वळू. ते घरोघरी नसते. गावात एखाद-दुसऱ्या घरी, कुलपात असते. पण रानडुकरांचा कळप शिवारात शिरला की सारे गाव त्याच घराच्या दाराशी जाते. ते अवजार म्हणजे शेतराखणीची बंदूक.

विषय निघाला तो तरुण मुलांमुळे. नवी मुंबईला लागून असलेल्या पनवेल-उरणकडच्या गावांत भात पिकवणारी घरे अजून आहेत. त्याच घरांतली मुले बंदरात, गोदामांत, कंपन्यांत नोकरीला जातात. मोबाईलवर त्यांना अमेरिकेतल्या बंदुकांची चित्रे दिसतात. एक इटलीची, नामांकित. दुसरी तुर्कस्तानची, हुबेहूब तशीच. पण किंमत तिच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याला. दोन्ही आपोआप भरणाऱ्या. एक बार झाला की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आपसूक जागी बसते. मुले विचारतात, दिसायला सारखी, कामाला सारखी, तर महागाची का घ्यावी? आणि आपल्या न्हावाशेवा बंदरात साऱ्या जगाचा माल उतरतो, मग ही बंदूक का उतरत नाही?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, ते आधी देऊ. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्याप्रमाणे शस्त्र देशात आणायला वेगळा परवाना लागतो, आणि सामान्य परवानाधारकाला परदेशातून बंदूक मागवता येत नाही. नामांकित नेमबाज खेळाडूंसारख्या थोड्यांनाच ती सवलत आहे. शिवाय आपोआप भरणारी शस्त्रे नियमांनी साध्या बंदुकीहून कडक वर्गात ठेवली आहेत. शेतराखणीसाठी कायद्याने मुळात नेमली आहे ती ठासणीची बंदूक. ठासणीने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच नळीची लांबी निदान २० इंच असलेली साधी छर्ऱ्याची बंदूक देता येते. तेव्हा तुर्की बंदूक आपल्या ओटीवर येण्याचा प्रश्न इथेच मिटला.

पहिला प्रश्न मात्र मिटत नाही. स्वस्त नक्कल आणि महाग अस्सल यांत खरा फरक कोणता, हा प्रश्न आपल्याकडच्या जुन्या बंदुकीलाही लागू आहे, नव्या पंपालाही लागू आहे. म्हणून तो नीट सोडवू.

हा व्यापार जुनाच

स्वस्त परदेशी बंदूक आणि अस्सल परदेशी बंदूक हा वाद आजचा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या बंदुका साऱ्या जगात नावाजलेल्या होत्या. वेस्टली रिचर्ड्स, ग्रीनर, वेब्ली अँड स्कॉट ही नावे आपल्याकडच्या जुन्या परवान्यांवरही वाचायला मिळतात. त्याच काळात बेल्जियममधल्या लिएज शहरात स्वस्त बंदुका ढिगाने तयार होत. काही कारखानदार इंग्रजी नावाच्या जवळचे नाव कोरून त्या विकत. ‘वेस्टली रिचर्ड्स’ महाग, म्हणून नळीवर नुसते ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’. घाईने वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटे. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ते असे.

पण लिएज म्हणजे सारा बनावट माल, असे म्हणाल तर तेही चूक. त्याच शहराला लागून हेर्स्टाल येथे ‘एफ. एन.’ हा कारखाना आहे. जगातली पहिली नावारूपाला आलेली आपोआप भरणारी छर्ऱ्याची बंदूक तिथेच तयार झाली. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने तिची रचना केली. अमेरिकेतल्या कारखानदाराशी त्याचे जमले नाही, म्हणून तो बेल्जियमला गेला आणि १९०२ पासून तिथे ती बंदूक बनू लागली. पुढे जवळजवळ शंभर वर्षे, शेवटी शेवटी जपानात, तिचे उत्पादन चालू होते. म्हणजे एकाच मुलखातून फसवा मालही आला आणि शतकभर टिकलेला मालही आला. तेव्हा माल कोणत्या देशाचा एवढ्यावरून पारख होत नाही, हे पहिले सूत्र.

आजच्या तुर्कस्तानलाही तेच लागू आहे. तिथल्या कोन्या प्रांतात बेयशेहिर भागातली गावेच्या गावे बंदुका करतात. हुग्लू गावच्या कारागिरांनी तर १९६२ साली सहकारी संस्था काढली. आपल्याकडे साखर कारखाने निघाले तशी. इटलीच्या बेनेली कंपनीच्या मालकीचे ‘स्टोगर’ नावाचे स्वस्त हत्यार तुर्कस्तानातच बनते. म्हणजे महाग वस्तू करणारा मालकच स्वस्त वस्तू तिथे करून घेतो. तिथल्या कारागिराचा हात वाईट असता तर त्याने तसे केले नसते.

मग फरक कुठे?

तुमच्या गावच्या लोहाराकडे दोन कोयते ठेवलेले असतात. आकार एक, मूठ एक, चकाकी एक. एक दिवाळीपर्यंत धार धरतो, दुसरा चार दिवसांत दुमडतो. फरक असतो तो लोखंडाला दिलेल्या पाण्याचा. पाणी डोळ्यांना दिसत नाही. ते कामाला लावल्यावर कळते.

बंदुकीचे असेच आहे. आकाराची नक्कल करणे अवघड नाही. पेटंटाची मुदत संपली की नकाशा सगळ्यांना मोकळा. पण रिकामे काडतूस ओढून काढणारी आकडी किती टणक करावी, स्प्रिंगला किती ताण ठेवावा, कोणत्या पिनेला कसे पाणी द्यावे, हे नकाशात उतरत नाही. ती कारखान्याची वर्षानुवर्षांची कमाई असते. स्वस्त मालात पहिली काटकसर तिथेच होते. वरचा दस्ता, वरचा रंग गिऱ्हाईक बघते, म्हणून तो छान करतात. आतली आकडी गिऱ्हाईक बघत नाही.

आपोआप भरणाऱ्या बंदुकीत हा फरक जास्त जाणवतो, कारण तिची कळ गुंतागुंतीची. दुनळी बंदुकीत काडतूस आपण हाताने घालतो, हाताने काढतो. तिथे बिघडायला फार काही नाही. आपोआप भरणाऱ्या बंदुकीत ते सारे काम बाराच्या जोरावर चालते. ब्राउनिंगच्या बंदुकीत नळीच मागे सरकते. बेनेलीच्या बऱ्याचशा बंदुकांत धक्क्याने एक दणकट स्प्रिंग दबते आणि ती काम करते. अमेरिकेच्या नौसैनिकांसाठी १९९९ साली निवडलेल्या बेनेलीच्या बंदुकीत नळीतला वायू दोन दट्ट्यांना ढकलतो. रीत कोणतीही असो, जोर ठरावीक मर्यादेत असावा लागतो. काडतूस हलके असेल तर जोर अपुरा पडतो, रिकामे काडतूस अर्धवट बाहेर येऊन दारात अडकलेल्या गुरासारखे अडते. जोर फार झाला तर आतले भाग ठोकले जाऊन लवकर झिजतात.

अस्सल बंदूक हलक्या-भारी दोन्ही काडतुसांना बऱ्याच अंशी सांभाळून घेते. स्वस्त नकलेला पुष्कळदा आधी भारी काडतुसे उडवून ‘मोकळी’ करावी लागते, आणि तरीही हलके काडतूस चालेलच असे नाही. अस्सललाही निगा लागतेच. ब्राउनिंगच्या जुन्या बंदुकीत काडतुसाच्या जोराप्रमाणे एक कडी उलटसुलट बसवावी लागते. ती न जाणता बसवली तर नामांकित बंदूकही अडखळते किंवा स्वतःला ठोकून घेते.

आता मुख्य मुद्दा. स्वस्त नकलांतल्या काही उत्तम निघतात. हजारो बार होऊनही तक्रार येत नाही. एखादा म्हणेल, माझी तर छान चालली! खरे आहे. पण बाजारात सुटे बी घेऊनही एखाद्याचे शेत छान उगवते. म्हणून आपण प्रमाणित बियाण्याला जास्त पैसे का मोजतो? त्या पिशवीतले बी सोन्याचे असते म्हणून नव्हे. सगळ्या पिशव्या सारख्या उगवतील अशी तपासणी कोणीतरी केलेली असते, त्या भरवशाचे ते पैसे. अस्सल बंदुकीची जास्तीची किंमत अशीच तपासणीची, एकसारखेपणाची आणि वीस वर्षांनी त्याच मापाचा सुटा भाग मिळण्याची किंमत आहे. नकलेत चांगला नग मिळतोही, पण तो कोणता हे पैसे देण्याआधी कळत नाही.

खेळाच्या मैदानावर बंदूक अडली तर एक गुण जातो. माळ्यावर, अंधारात, जखमी डुक्कर समोर असताना अडली तर काय जाते, हे सांगायला नको.

आपल्या कामाचा नियम

यातून आपल्यापुरता एक नियम निघतो, तो घरात सगळ्यांना सांगून ठेवा. स्वस्त घ्यायचे तर साधे घ्या. गुंतागुंतीचे घ्यायचे तर अस्सल घ्या. स्वस्त आणि गुंतागुंतीचे, हे दोन्ही एकत्र कधी घेऊ नका.

शेतराखणीला एका मागोमाग पाच बार लागत नाहीत. एक-दोन बार पुरतात. तेव्हा परवाना मिळालाच तर साधी एकनळी किंवा दुनळी बारा बोअर हीच शेतकऱ्याची बंदूक. आपल्या सरकारी आयुध कारखान्यांनी अशा बंदुका केल्या आहेत. बिहारातील मुंगेर आणि जम्मू येथे परवानाधारक खासगी कारखान्यांतही त्या बनत आल्या आहेत. दिसायला रांगडी असेल, पण ती उघडून आत काय आहे ते तुम्ही स्वतः पाहू शकता.

जुनी विलायती बंदूक घ्यायची असेल तर ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या, आणि पुढील गोष्टी पाहा.

एक, परीक्षेचा शिक्का. बर्मिंगहॅम, लंडन, लिएज या ठिकाणी सरकारमान्य परीक्षागृहे आहेत. तिथे नेहमीपेक्षा जास्त जोराचे काडतूस उडवून नळी टिकली तरच शिक्का मारतात. नळ्या दस्त्यापासून सोडवल्या की खालच्या सपाट भागावर तो दिसतो. मोठ्या नावापेक्षा हा बारीक शिक्का अधिक मोलाचा. नाव कोणीही कोरतो.

दोन, दारूचा प्रकार. फार जुन्या बंदुकांच्या नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या असत. त्यांवर नागमोडी नक्षी दिसते. त्यांतल्या पुष्कळ नळ्या काळ्या दारूच्या परीक्षेच्या आहेत. आजच्या धूरविरहित दारूचे काडतूस त्यांत घालणे म्हणजे हातात सुरुंग धरणे होय. अशी बंदूक भिंतीवर शोभेल, खांद्याला नको.

तीन, काडतूस बसते त्या जागेची लांबी. जुन्या इंग्रजी बंदुकांत ती पुष्कळदा अडीच इंचांची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असते. आजचे पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरचे काडतूस तिच्यात बसते, दार लागतेही. पण बार झाल्यावर काडतुसाचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि नळीत दाब फार वाढतो. बसले म्हणजे चालते असे समजू नये.

चार, नळीची आतली बाजू. रिकामी असल्याची खात्री करून उजेडाकडे धरा आणि आरपार पाहा. कुठे गोल कडे पडल्यासारखी सावली दिसली तर नळी तिथे फुगलेली आहे. ती बंदूक घेऊ नका.

पाच, सांधा. पुढचे लाकूड काढून बंदूक बंद करा आणि हलवून पाहा. नळ्या खडखडल्या तर सांधा झिजला आहे. स्क्रूची डोकी चेचलेली असतील तर कोणी अडाण्याने ती उघडली आहे, हे समजावे.

काडतूस आणि पाऊस

बंदूक कितीही अस्सल असली तरी भरवसा शेवटी काडतुसावर. आपल्याकडे छर्ऱ्याची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. हा कारखाना १८६९ सालचा. २०२१ पासून तो ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीखाली आहे. काडतूस त्याच्या खोक्यात, कोरड्या जागी ठेवा. कोकणच्या पावसाळ्यात कागदी वेष्टणाचे काडतूस ओल धरून फुगते आणि नळीत घट्ट बसते. ते चुलीजवळ वाळवण्याचा प्रकार काही घरांत होतो. कृपा करून तो करू नका.

चाप ओढला आणि बार झाला नाही, तर लगेच बंदूक उघडू नका. नळीचे तोंड निर्धोक दिशेला धरून निदान मिनिटभर थांबा. बार ‘फुस्स’ झाला, नेहमीचा आवाज आला नाही, तर दुसरे काडतूस घालण्यापूर्वी नळीतून आरपार पाहा. आधीच्या काडतुसाचा बोळा आत अडकला असेल तर पुढच्या बाराला नळी फुटते. बांधावर घसरून नळीच्या तोंडात चिखल गेला तरी तेच होते. आपोआप भरणाऱ्या बंदुकीत हे भय अधिक, कारण तिची नळी मागून उघडून पाहणे दुनळीइतके सोपे नाही. माणूस घाईत दांडा खेचून पुढचे काडतूस चढवतो.

परवाना कोठे, बार कधी?

पनवेल आणि उरणचा मोठा भाग महसुलाने रायगड जिल्ह्यात, पण पोलिसांच्या कारभाराने नवी मुंबई आयुक्तालयात येतो. आयुक्तालयाच्या हद्दीत शस्त्र परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतात, बाकी जिल्ह्यांत ते जिल्हाधिकाऱ्यांकडे. आपले गाव कोणाच्या हद्दीत हे पोलीस ठाण्यात विचारूनच अर्ज करा, म्हणजे अलिबाग-बेलापूर खेपा वाचतील. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आहे, आणि एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात.

वडिलांची बंदूक मुलाकडे आपोआप येत नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक वारल्यावर, किंवा त्याला ७० वर्षे पूर्ण झाली अथवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षे असली, तर वारसाला अर्ज करता येतो. म्हातारपणी हे काम लांबणीवर टाकू नका. बंदूक घरात आणि परवाना कोणाच्याच नावावर नाही, अशी अवस्था घराला धोक्याची.

आणि परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. रानडुक्कर आणि रोही पिकाची नासाडी करीत असतील तर परवानगी देण्याची रीत राज्य शासनाने २०१५ साली सोपी करून अधिकार खालच्या वनाधिकाऱ्यांपर्यंत दिले. पण परवानगी लागतेच. नुकसानीचा अर्ज आधी, चाप नंतर.

शेवटी सर्वांत स्वस्त हत्याराविषयी. गावठी कट्टा, चोरून केलेली ठासणी, पाण्याच्या पाइपाची नळी, असे काहीबाही कोणी कानाशी येऊन विकतो. तिला शिक्का नाही, परीक्षा नाही, करणाऱ्याचे नाव नाही. ती फुटली तर बोटे, डोळा जातो. सापडली तर कायद्याने निदान दोन वर्षांची कैद. भाताचे चार गुंठे वाचवायला निघालेला माणूस घराचा कर्ता हात गमावून बसतो. तो सौदा कधीच स्वस्त नसतो.

बंदूक तुमच्या घरी नसेल, बहुतेकांच्या नसतेच. पण वरचा नियम पंपाला, मोटरीला, गवत कापायच्या यंत्रालाही तसाच लावून पाहा. दुकानदाराला तीन प्रश्न विचारा : हे तपासले कोणी? सुटा भाग कुठे मिळेल? बिघडले तर आमच्या तालुक्यात उघडणार कोण? तिन्हींची उत्तरे मिळाली तर स्वस्त वस्तूही खुशाल घ्या. नाही मिळाली, तर रंग कितीही चकचकीत असो, पिशवी आणि पैसे घेऊन सरळ घरी या.

पुढील अंकी गवत कापायच्या यंत्राविषयी.